बायपास आणि मानेची कॅरोटिड एकाच वेळी: कोकणातून निघण्यापासून परतीच्या विमानापर्यंत

अँजिओग्राफीत तिन्ही वाहिन्यांत ब्लॉकेज निघतात, बायपास ठरतो, पैशांची जुळवाजुळव होते, आणि ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मानेच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली नस, कॅरोटिडही 80 टक्के आकसलेली दिसते. तारीख पुढे जाते. गावाहून आलेली माणसं कॉरिडॉरमध्ये बसून राहतात आणि कोणीतरी विचारतं, "मग दोन्ही एकदमच करून टाका ना?" रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पेशंट घेऊन मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जाणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे. पेशंट दोन तऱ्हेचे असतात. एक वाडीवरचे, दुसरे कुवेत, दुबई, मस्कतहून ऑपरेशनसाठी मायदेशी येणारे. दोघांनाही आम्ही पहिली गोष्ट हीच सांगतो: दोन्ही एकदम करायचं की नाही, हे डॉपलरच्या टक्क्यांपेक्षा गेल्या सहा महिन्यांत पेशंटला काय झालं यावर जास्त ठरतं. ती माहिती घरात असते, रिपोर्टात नसते.

मानेत दोन्ही बाजूंना जबड्याखाली कॅरोटिडचे दोन फाटे होतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. चरबी आणि चुना साचतो तो बहुतेक वेळा या फाट्यावरच, आणि त्यातला कण सुटून वर गेला तर लकव्याचा झटका येतो. ज्या कारणांनी हृदयाच्या वाहिन्या खराब होतात, म्हणजे तंबाखू, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, त्याच कारणांनी ही खराब होते. म्हणून बायपासच्या पेशंटची मान तपासतात. आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं मिसरी लावतात आणि ती तंबाखूत धरतच नाहीत. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारलं की "नाही" म्हणून मोकळ्या होतात. मिसरीचं नाव घेऊन विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

आता ती सहा महिन्यांची हकिगत. एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखं होऊन दोन-चार मिनिटांत परत दिसायला लागणं. हातातली पेज-भाताची वाटी अचानक निसटणं. तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, शब्द न सापडणं आणि अर्ध्या तासात सगळं पूर्ववत होणं. यालाच मिनी स्ट्रोक म्हणतात. पूर्ववत झालं म्हणून घरात "पित्त झालं असेल" म्हणून विसरतात, आणि नेमकी हीच गोष्ट सर्जनला हवी असते. कोणत्या बाजूला झालं तेही सांगा, कारण उजव्या कॅरोटिडचा त्रास उजव्या डोळ्यात पण शरीराच्या डाव्या बाजूला दिसतो. बाजू जुळली तर ती नस लक्षणं देणारी ठरते आणि सगळा हिशेब बदलतो. नुसती चक्कर, डोकं हलकं होणं किंवा कानात आवाज हे सहसा कॅरोटिडचं लक्षण नसतं. त्याला मिनी स्ट्रोक समजून सांगितलं तर नको ते ऑपरेशन गळ्यात पडू शकतं. घडलं तेवढंच सांगा, तारखेसकट.

लक्षणं देणाऱ्या कॅरोटिडमध्ये ऑपरेशनचा फायदा पक्का आहे. उत्तर अमेरिकेतल्या, 1991 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात 70 ते 99 टक्के आकसलेल्या, लक्षणं दिलेल्या नसेवर फक्त औषधं घेणाऱ्यांपैकी 26 टक्के लोकांना दोन वर्षांत त्या बाजूचा झटका आला. ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होतं. मिनी स्ट्रोक नुकताच झाला असेल तर नस शक्यतो 14 दिवसांच्या आत साफ व्हावी असा दंडक आहे. अशा माणसाचं हृदयही नाजूक असेल, छातीत वरचेवर दुखत असेल, तर दोन्ही एकत्र करण्याला अर्थ आहे. दोन्ही बाजूंच्या नसा गंभीर आकसलेल्या असतील, किंवा एक पूर्ण बंद आणि दुसरी अरुंद असेल, तरीही सर्जन त्या दिशेने विचार करतात.

पण कसलंच लक्षण नाही, एकाच बाजूला 80 टक्के आहे, आणि "हात फिरवलाच आहे तर तेही उरकू" असा बेत असेल, तर थांबून विचारा. युरोपात नेमका हाच प्रश्न घेऊन एक चाचणी झाली. 2017 साली तिचे आकडे आले: दोन्ही एकत्र केलेल्यांत 30 दिवसांत झटका किंवा मृत्यू 18.5 टक्के, फक्त बायपास केलेल्यांत 9.7 टक्के. चाचणी पुरेसे पेशंट न मिळाल्याने लवकर थांबली, एकूण 129 जणच होते, त्यामुळे त्यावरून छातीठोक नियम होत नाही. तरी "एकदम केलं की सुरक्षित" ही समजूत त्यानंतर टिकत नाही. बायपासमध्ये झटका येण्याचं मोठं कारण हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीवरचा थर असतो, शिवाय नंतर होणारे अनियमित ठोके आणि मध्येच घसरलेला रक्तदाब. मानेची नस साफ केली तरी ही कारणं जागच्या जागी राहतात.

म्हणून सर्जनला सरळ विचारा: मान आधी, हृदय आधी, की दोन्ही एकत्र, आणि का? मान आधी केली तर त्या काळात हार्ट अटॅकची भीती. हृदय आधी केलं तर झटक्याची. मानेच्या नसेत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, टाकून मग बायपास हाही मार्ग आहे, पण स्टेंटला रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या लागतात आणि छाती उघडताना त्याच गोळ्या रक्तस्राव वाढवतात. शिवाय हेही विचारा की बायपास हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावर होणार का, आणि महाधमनीला चिमटा न लावता होऊ शकेल का. ज्याची महाधमनी खराब आहे त्याच्यासाठी या प्रश्नाचं उत्तर मानेइतकंच महत्त्वाचं आहे. मानेचं काम हृदयाचा सर्जन करणार की रक्तवाहिन्यांचा वेगळा सर्जन येणार, आणि अशी जोड ऑपरेशनं तिथे नेहमी होतात का, हे विचारायला संकोच करू नका. चांगला सर्जन या प्रश्नाला रागावत नाही.

डॉपलरच्या रिपोर्टात नुसते टक्के बघू नका. टक्के मोजायच्या दोन पद्धती आहेत, आणि एकीतले 70 दुसरीत जवळपास 85 होतात. रक्ताचा वेग लिहिलेला असतो तो बघा: सेकंदाला 230 सेंटिमीटरच्या वर असेल तर साधारण 70 टक्क्यांपुढचं ब्लॉकेज धरतात, 125 ते 230 मध्ये 50 ते 69. तालुक्याच्या ठिकाणी काढलेला डॉपलर आणि मुंबईतला जुळला नाही तर घाबरून जाऊ नका. ऑपरेशनआधी बहुधा सीटी अँजिओ करून खात्री करतातच. त्यात डाय, म्हणजे नसा दाखवणारं औषध, टोचतात, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी लागते. हृदयाच्या अँजिओग्राफीचा डाय नुकताच झाला असेल तर मूत्रपिंडाला मध्ये उसंत मिळावी. पूर्ण 100 टक्के बंद नसेवर ऑपरेशन करत नाहीत. हे ऐकून पुष्कळ नातेवाईक हताश होतात, पण कारण साधं आहे: त्या वाटेने रक्तच जात नाही, तर वर कण पाठवणार कोण?

घरून निघताना पिशवीत काय हवं? अँजिओग्राफीची सीडी, नुसता कागद नव्हे. सीडी निघण्यापूर्वी एखाद्या कॉम्प्युटरवर उघडते का बघा. न उघडणाऱ्या सीडीपायी परत अँजिओग्राफी झालेली आम्ही पाहिली आहे. टू-डी इकोचा रिपोर्ट, डॉपलर, जुन्या झटक्याचा मेंदूचा एमआरआय असेल तर तो, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए1सी, आणि सगळ्या गोळ्यांची मूळ पाकिटं. "बीपीची पांढरी गोळी" हे उत्तर ॲनेस्थेशियावाल्या डॉक्टरांच्या काही कामाचं नाही.

गोळ्यांमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी ॲस्पिरिन बहुतेक सर्जन चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल बायपासच्या साधारण 5 दिवस आधी थांबवतात, टिकाग्रेलॉर 3 ते 5, प्रासुग्रेल 7. पण मिनी स्ट्रोक झालेल्याची किंवा आधी स्टेंट असलेल्याची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. तारीख पक्की झाल्यावर सर्जनने सांगितलेल्या दिवशीच बंद करायची, आणि तारीख पुढे गेली तर लगेच फोन करून विचारायचं. असंच लटकत राहिलेल्या आठवड्यात झटके येतात. कोलेस्टेरॉलची गोळी आणि ठोके आवरणारी बीटा ब्लॉकर चालू राहते. साखरेच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातली असेल तर ती किमान 3 दिवस आधी थांबवतात, कारण ऑपरेशनच्या ताणात रक्तात आम्ल वाढतं आणि साखर मात्र मशीनवर ठीक दिसते. हे नाव आपणहून सांगा, संयुक्त गोळीत ते लपलेलं असतं. गावठी काढे, लसणीच्या कॅप्सूल, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या बंद करा, आणि घेत होतो हेही सांगा.

बायपासला लागणारी नवी वाहिनी पेशंटच्याच अंगातून येते. छातीच्या आतली डावी मॅमरी धमनी हृदयाच्या समोरच्या मुख्य वाहिनीला जोडतात, पायातली शीर बाकीच्यांना, कधी मनगटाची रेडियल धमनी. म्हणून सांगू ते ऐका: ऑपरेशनआधी डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, आणि घोट्याजवळच्या शिरेत तर मुळीच नाही. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली असेल तर ती धमनी सहसा वापरत नाहीत, तेव्हा डावी शाबूत राहू दे. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, जळवा लावलेल्या असतील, शेतात काम करताना पोटरीला जखम झालेली असेल तर दाखवा. आणि दोन्ही हातांचं ब्लड प्रेशर मोजून घ्या. डाव्या हातात 15-20 ने कमी येत असेल तर डाव्या बाहूकडे जाणारी वाहिनी अरुंद असू शकते. ती मॅमरी धमनी त्याच वाहिनीतून निघते, म्हणजे मूळच कोरडं असलं तर जोडणीत पाणी कुठून येणार? पाच मिनिटांची ही तपासणी गावातल्या दवाखान्यातही होते.

प्रवास. चिपळूण-रत्नागिरीकर मुंबई गाठतात किंवा आंबा घाटातून कोल्हापूर. सावंतवाडी-कुडाळकरांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं. रेल्वेला आमची पसंती आहे, कारण महामार्गावरचे हिसके आणि वाहतूक कोंडीतला उपाशी तास या पेशंटला सोसत नाही. त्यातही दिवसाची गाडी बरी, मांडवी किंवा जनशताब्दी. कोकणकन्येत रात्री सोबतची माणसं झोपून जातात आणि पेशंटचं तोंड वाकडं झालेलं सकाळी लक्षात येतं. परळच्या हॉस्पिटलला जायचं तर दादरला उतरा, आणि व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, पूल चढायला लावू नका. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या पेशंटला आणि एका सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत देते: स्लीपर, थ्री-टियर एसी आणि चेअर कारला 75 टक्के, टू-टियर एसीला 50. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू धावतात, दरड आली तर तासन्‌तास अडकतात. तेव्हा एक दिवस हाताशी ठेवून निघा आणि गोळ्या, पाणी, बिस्किटं जवळ ठेवा. गणपती आणि शिमग्याच्या आसपासची तारीख मिळाली तर तिकिटाआधी सर्जनशी बोला, नंतर नको.

वाटेत छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट 5 मिलिग्रॅम जिभेखाली, पण बसून किंवा आडवं होऊन, उभ्याने नाही. ही गोळी रक्तदाब उतरवते. हृदयाला ते चालतं, पण अरुंद कॅरोटिडच्या पलीकडे असलेल्या मेंदूला दाब हवा असतो. एकामागून एक गोळ्या चघळून उभा राहिलेला माणूस कोसळतो तो याचमुळे. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरी, तरीही नाही तर 108. लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायचीच नाही. लाजेपायी हे लपवणं जिवावर बेततं.

आखातातून येणाऱ्यांसाठी वेगळं. बसल्याजागी छातीत दुखत असेल किंवा मिनी स्ट्रोक या आठवड्यातला असेल तर विमानात चढू नका, तिथेच दाखल व्हा. "मुंबईला गेलो की बघू" हे धाडस आहे. विमानाच्या आतली हवा साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या डोंगराइतकी विरळ असते. थकलेल्या हृदयाला ते जाणवतं. स्थिर असाल तर तिथले रिपोर्ट, सीडी आणि डिस्चार्ज कागद इंग्रजीत घेऊन या, आणि सर्जनला ते आधी पाठवा. परदेशी पासपोर्ट असलेल्या कोकणी कुटुंबांना ई-मेडिकल व्हिसा लागतो. तो पहिल्या प्रवेशापासून 60 दिवस चालतो आणि सोबत दोन जणांना अटेंडंट व्हिसा मिळतो. ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड असेल तर हे काही लागत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी तिकडच्या राहण्याच्या परवान्याकडे लक्ष ठेवावं. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तो अडचणीत येतो, आणि या ऑपरेशनमधून कामावर जायला तीन महिने तरी धराच.

पैशांबद्दल थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला विचारा की मंजुरीच्या अर्जात दोन्ही शस्त्रक्रिया टाकल्या आहेत का. आयुष्मान भारतच्या नियमात एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया झाल्या तर महागडीचे 100 टक्के आणि दुसरीचे 50 टक्के धरतात. खासगी विम्यातही दुसरीवर कात्री लागते, म्हणून मंजुरीचं पत्र वाचल्याशिवाय दाखल होऊ नका. पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून घ्या: जादा आयसीयू दिवस, रक्ताचे घटक, मानेतला पॅच (नस शिवताना लावायचं ठिगळ), दुसऱ्या सर्जनची फी. रक्तदाते आधीच ठरवून ठेवा. मुंबईतल्या गाववाल्यांचा ग्रुप यासाठी उत्तम.

ऑपरेशनच्या दिवशी पेशंट सकाळी आत जातो आणि पाच-सात तास तरी बाहेर निरोप येत नाही. आत साधारण असं चालतं. कपाळावर दोन चिकटपट्ट्या लावतात, त्यावर मेंदूतल्या ऑक्सिजनची पातळी दिसते. आधी मान. कानामागून खाली येणाऱ्या स्नायूच्या पुढच्या कडेने चीर देतात, नस वर-खाली चिमट्याने बंद करतात. मेंदूकडे रक्त कमी पडतंय असं दिसलं तर एक बारीक नळी, शंट, तात्पुरती बसवतात. नस उभी चिरली की आतला थर दिसतो: पिवळट, मध्ये चुन्याने कडक, कुठे रक्ताचा काळा डाग. सुकलेलं खोबरं करवंटीपासून सुटावं तसा तो भिंतीपासून अखंड सोडवतात. वरचं टोक नीट निमुळतं सुटलं पाहिजे. तिथे सैल पापुद्रा राहिला तर रक्ताच्या झोताने तो उलटतो आणि नस बंद पडते. मग शिवताना पॅच लावतात, म्हणजे नस पुन्हा अरुंद होत नाही. तोवर दुसरी टीम पायातली शीर काढत असते. त्यानंतर छाती. मानेची जखम पुष्कळदा तशीच पॅक करून उघडी ठेवतात आणि बायपास संपून रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचा उतारा दिल्यावरच, बारीक ड्रेन घालून, शिवतात. घाईने आधी शिवली तर आत रक्त साचतं.

आयसीयूत पहिली खरी परीक्षा शुद्धीवर येण्याची. फक्त मानेचं ऑपरेशन असतं तर लगेच कळलं असतं. इथे पेशंट झोपवलेला, व्हेंटिलेटरवर, म्हणून रात्रभर थांबावं लागतं. जाग आल्यावर नर्स दोन्ही हात दाबायला, दोन्ही पाय हलवायला, जीभ बाहेर काढायला आणि दात दाखवायला सांगते. जीभ एका बाजूला गेली, ओठाचा कोपरा ओढला गेला, आवाज घोगरा झाला, तर मानेतल्या बारीक मज्जातंतूंना ताण बसलेला असतो, आणि तो बहुधा काही आठवड्यांत जातो. कानाची पाळी आणि जबड्याचा कोपरा बधिर राहणं तर नेहमीचंच. हाताची ताकद गेली तर मात्र मिनिटांचा खेळ असतो.

मान सुजायला लागली, आवाज बदलला, गिळताना अडलं, श्वास घ्यायला त्रास झाला, तर ते आत साचलेलं रक्त. नर्सला ओरडून बोलवा, "बघतो थोड्या वेळाने" ऐकून गप्प बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणं हे बायपासनंतर चार-पाच जणांत एकाला तरी होतं. औषधाने आवरतं, पण झटक्याचं एक मूळ तिथेच असल्याने मॉनिटरवर लक्ष हवं. वयस्कर माणूस रात्री बरळतो, नळ्या ओढतो, घरच्यांना ओळखत नाही. याला लकवा समजू नका, पण डॉक्टरांना सांगा. चष्मा, कानातलं मशीन आणि ओळखीचा आवाज मिळाला की बराच फरक पडतो. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा व्यायाम तासाला दहा वेळा, आणि खोकताना छातीवर उशी घट्ट धरायची. दुखतं म्हणून खोकला दाबला की कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो.

एक धोका घरी सोडल्यानंतरही उरतो आणि त्याची कल्पना फार थोड्यांना दिलेली असते. वर्षानुवर्षं कमी रक्तावर जगलेल्या मेंदूच्या त्या बाजूला अचानक पूर्ण झोत मिळतो. रक्तदाब वाढला तर त्या बाजूचं डोकं भयंकर दुखतं, आकडी येते, कधी रक्तस्राव होतो. पहिल्या आठवड्यात जास्त, पण महिनाभर शक्यता असते. म्हणून घरी बीपीचं मशीन हवंच, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेच्या वर गेलं किंवा ऑपरेशनच्या बाजूचं डोकं ठणकायला लागलं तर पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका, हॉस्पिटल गाठा.

याच कारणाने डिस्चार्ज झाला की थेट गावी निघू नका, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. मोठ्या ऑपरेशननंतर 14 दिवसांत झटका आला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा देता येत नाही. मेंदूतली गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय लागते, आणि ती रात्री-अपरात्री घाटापलीकडे मिळेलच असं नाही. आठ-नऊ दिवसांनी हॉस्पिटल सोडल्यावर पहिला फॉलोअप आणि पायाचे टाके निघेपर्यंत मुंबईतच राहा. चाकरमान्यांच्या खोलीवर जाणार असाल तर लिफ्ट आहे का आणि संडास आत आहे का, ते आधी विचारा. चाळीतला चौथा मजला नको. सोय नसेल तर हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा, दादर-परळ भागात पेशंटसाठी धर्मशाळा आहेत.

गावी परतल्यावर छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं आणि ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीन महिने. तोवर दोन-तीन किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. विहिरीचं पाणी शेंदणं, लाकडं फोडणं, कोयत्याने नारळ सोलणं, स्कूटर, सगळं बंद. जमिनीवरून उठताना हातांवर जोर येतो, म्हणून अंथरूण खाटेवर आणि संडासाला कमोडची खुर्ची. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपराने हळू वर. चालणं सपाटीवर, खळ्यात किंवा रस्त्यावर. चिऱ्याच्या पायऱ्या आणि घाटी नंतर. शीर काढलेला पाय सुजतो, बसताना उंचावर ठेवा. बायकांच्या मंगळसूत्राचा दोरा मानेच्या आणि छातीच्या टाक्यांवर घासतो आणि जखम चिघळते. जखम सुकेपर्यंत काढून ठेवा, घरातल्या कोणी कुरकुर केली तरी. पुरुषांनी बधिर जबड्यावर वस्तऱ्याऐवजी ट्रिमर वापरावा, कापलेलं कळत नाही. ताप 100.4 च्या वर, जखमेतून पाणी, किंवा खोकताना छातीत हाड कटकट हलल्यासारखं वाटणं, यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी फोन.

जेवणात मासे चालतात, आमटीतले, भाजलेले. सुकट, सुके बोंबील, खारा, पापड, लोणचं हे मात्र मिठाचं गोदाम, रक्तदाब तिथूनच चढतो. अशक्तपणा आहे म्हणून रोज शहाळं पाजायची आपल्याकडे हौस असते. क्रिएटिनिन वाढलेलं असेल आणि टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर शहाळ्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कायमची. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, 55 च्या खाली आणायचं असतं, आणि नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नसते.

आखातात परतणाऱ्यांना विमान कंपन्या गुंतागुंत नसलेल्या बायपासनंतर किमान 10 दिवस थांबायला लावतात, पण मानेचं ऑपरेशन जोडीला असताना आणि हॅण्डबॅग वर टाकायची असताना सहा आठवड्यांपूर्वी निघण्यात शहाणपण नाही. जाण्याआधी छातीचा एक्स-रे करा. फुप्फुसाबाहेर हवा अडकलेली असेल तर ती उंचीवर फुगते. फिट-टू-फ्लाय प्रमाणपत्र घ्या, विमानतळावर व्हीलचेअर मागा, खिडकीकडची किंवा मधली सीट नको, दर तासाला चाला. गोळ्या हॅण्डबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या सहीच्या चिठ्ठीसकट. दुखण्यासाठी दिलेलं ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत, चिठ्ठी आणि तिथल्या सरकारची आधी घेतलेली परवानगी नसताना नेली तर विमानतळावरच अडकाल. शक्य असेल तर ती इथेच संपवून जा. मानेचा डॉपलर साधारण महिन्याने, मग सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा होतो, आणि त्यात दुसऱ्या बाजूची नसही तपासून घ्यायची. तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला ऑपरेशनच्या नोंदींची पूर्ण प्रत डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर कोणती वाहिनी कुठे जोडली आणि मानेत कोणता पॅच बसवला हे बहुधा लिहिलेलं नसतं.